नेत्सुके : किमोनोच्या कमरपट्ट्यावरील चिमुकली शिल्पे आणि हस्तिदंताचा पेच

खिशाची सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे, की वस्त्राला खिसाच नसेल तर माणूस जवळच्या वस्तू कुठे ठेवील, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. महाराष्ट्रात पूर्वी धोतराच्या कनवटीला पैसे खोचले जात, पानतंबाखूची चंची कमरेला असे आणि पदराच्या गाठीत किल्ल्या नि नाणी सुखरूप राहत. याच अडचणीवर जपानी माणसाने जो तोडगा काढला, त्याचे नाव नेत्सुके. अक्रोडाएवढ्या आकाराची, मुठीत सहज मावणारी ही कोरीव वस्तू मुळात दोरी अडकवून ठेवण्याचे साधन होती. पुढे तिची अशी कला झाली, की आज लंडन, बॉस्टन, लॉस एंजेलिस आणि टोकियो येथील संग्रहालयांत तिच्यासाठी स्वतंत्र कपाटे राखलेली आहेत. मात्र यांपैकी अनेक नेत्सुके हस्तिदंताची आहेत. त्यामुळे ती विकणे, विकत घेणे किंवा एका देशातून दुसऱ्या देशात नेणे आता कायद्याच्या कडक चौकटीत आले आहे. परदेशात राहणाऱ्या, प्राचीन वस्तूंच्या बाजारातून अथवा लिलावातून एखादी आवडती चीज घरी आणणाऱ्या मराठी वाचकाला या कलेचा इतिहास आणि तिच्याभोवतीचा हा पेच, दोन्ही ठाऊक असणे आवश्यक आहे.

शब्द आणि साधन

'नेत्सुके' हा शब्द 'ने' म्हणजे मूळ आणि 'त्सुके' म्हणजे जोडणे, अडकवणे या दोन शब्दांपासून बनला आहे. जपानी उच्चारात मधला उकार जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे कानावर 'नेत्स्के' असे काहीसे पडते. वृक्षाचे मूळ कापून केलेल्या ओबडधोबड अडकणीवरून हे नाव पडले असावे, असे सामान्यतः मानले जाते.

किमोनोला खिसे नसतात. स्त्रियांच्या किमोनोच्या रुंद बाह्यांमध्ये लहानसहान वस्तू राहू शकत. पुरुषांना मात्र पैशांची थैली, तंबाखूचा बटवा, चिलीम किंवा औषधांची डबी कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे 'ओबी'ला लटकवावी लागे. अशा लटकत्या वस्तूंना एकत्रितपणे 'सागेमोनो' म्हणतात. वस्तूला बांधलेली रेशमी दोरी ओबीच्या आतून वर काढली जाई आणि तिच्या वरच्या टोकाला नेत्सुके बांधलेले असे. ते ओबीच्या वरच्या कडेवर अडकून बसे, त्यामुळे खालच्या वस्तूचा भार पडूनही दोरी निसटत नसे. दोरीवर मध्ये 'ओजिमे' नावाचा एक मणी असे. तो खाली सरकवला की डबी किंवा थैली घट्ट मिटे आणि वर घेतला की उघडे. म्हणजे संपूर्ण योजनेचे तीन भाग होते : खाली लटकणारी वस्तू, मधला मणी आणि वरची अडकण.

लटकणाऱ्या वस्तूंमध्ये सर्वांत देखणी 'इन्रो'. एकावर एक बसणाऱ्या छोट्या कप्प्यांची ही डबी आरंभी शिक्का आणि त्याची शाई ठेवण्यासाठी वापरली जाई, नंतर तिच्यात औषधे ठेवू लागले. याशिवाय 'किंचाकू' ही थैली, 'ताबाको-इरे' हा तंबाखूचा बटवा, 'किसेरू' या लांब चिलमीचे आवरण आणि शाई-कुंचला बाळगण्याचे 'याताते' हेही कमरेला असे.

चांगल्या नेत्सुकेच्या अटी या उपयोगातूनच ठरल्या. ते साधारण तीन ते पाच सेंटिमीटरचे असावे, त्याला दोरी ओवण्यासाठी छिद्रे असावीत, कुठेही टोकदार अवयव बाहेर निघालेला नसावा. बाहेर आलेले हरणाचे शिंग किंवा उंदराची शेपटी किमोनोच्या रेशमात अडकून ते फाडील आणि स्वतःही मोडेल. म्हणून कोरणाऱ्याने घोड्याचे पाय पोटाशी दुमडले, उंदराची शेपटी अंगाभोवती वळवली, पक्ष्याचे पंख मिटवले. संपूर्ण प्राणी एका गोळ्यात सामावण्याची ही किमया पाहणाऱ्याला शैलीची वाटते, पण तिचा उगम कापड वाचवण्याच्या गरजेत आहे. शिवाय नेत्सुके सर्व बाजूंनी पाहिले जाई, त्यामुळे त्याची खालची बाजूही तितक्याच निगुतीने कोरलेली असते. सशाच्या पोटाखालचे दुमडलेले पंजे पाहण्यासाठी ते हातात उलटेच करावे लागते.

एदो काळातील व्यापारी आणि त्यांची हौस

नेत्सुकेचा बहर एदो काळातला. १६०३ साली तोकुगावा घराण्याची शोगुनशाही सुरू झाली आणि १८६८ पर्यंत टिकली. या अडीच शतकांच्या शांततेत एदो (आजचे टोकियो), ओसाका आणि क्योतो ही शहरे भरभराटीला आली. समाजाच्या अधिकृत उतरंडीत सामुराई सर्वांत वर, त्याखाली शेतकरी, मग कारागीर आणि सर्वांत खाली व्यापारी अशी रचना होती. प्रत्यक्षात पैसा मात्र व्यापाऱ्यांच्या हाती खेळू लागला. सत्ताधाऱ्यांनी उधळपट्टीला आळा घालणारे हुकूम वेळोवेळी काढले. कोणी कोणते कापड नेसावे, कोणत्या रंगाचे नेसावे, इथपर्यंत निर्बंध होते. अशा वेळी बाहेरून साधा दिसणारा किमोनो आणि कमरेला मात्र नामांकित कारागिराचे नेत्सुके, ही हौस भागवण्याची सुरक्षित वाट होती. जाणकाराच्या नजरेत ती भरे आणि अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटे.

सतराव्या शतकात तंबाखूचे व्यसन जपानभर पसरले आणि तंबाखूच्या बटव्यामुळे नेत्सुकेची मागणी वाढली. इन्रो महाग असे, बटवा मात्र सामान्य माणसालाही परवडे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नेत्सुके कोरणे हा स्वतंत्र व्यवसाय बनला होता. त्याआधी मुखवटे कोरणारे, देवमूर्ती घडवणारे, रोगणकाम करणारे आणि धातुकाम करणारे कारागीर फावल्या वेळात नेत्सुके करीत.

या व्यवसायाचा पहिला मोठा लेखी पुरावा १७८१ सालचा आहे. ओसाका येथील इनाबा त्सूर्‍यू याने 'सोकेन किशो' हा सात खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य विषय तलवारीची अलंकृत उपांगे हा होता. शेवटच्या खंडात मात्र त्याने पन्नासहून अधिक नेत्सुकेकारांची माहिती आणि त्यांच्या कामाची चित्रे दिली. क्योतोच्या तोमोतादाने कोरलेल्या बैलांना फार मागणी असून त्यांच्या नकला होत असल्याचे या ग्रंथातच नोंदलेले आहे. म्हणजे बनावट नेत्सुकेचा प्रश्न आजचा नाही, मूळ कारागिराच्या काळाइतकाच तो जुना आहे.

प्रकार, साहित्य आणि हत्यारे

नेत्सुके म्हटले की डोळ्यांपुढे येते ती चहूबाजूंनी कोरलेली पूर्णाकृती. तिला 'काताबोरी' म्हणतात. 'मांजू' हा चपटा, गोल प्रकार आहे. गोड सारण भरून वाफवलेल्या त्याच नावाच्या जपानी पदार्थावरून त्याला हे नाव मिळाले. मांजू जाळीसारखे आरपार कोरले की ते 'र्‍यूसा' होते. 'कागामिबुता' म्हणजे आरशाचे झाकण. यात हस्तिदंताच्या वा लाकडाच्या वाटीवर नक्षीदार धातूची चकती बसवतात. 'साशी' हे लांबट नेत्सुके ओबीत खोचले जाई. नो नाट्यातील मुखवट्यांच्या छोट्या प्रतिकृती, वेताप्रमाणे विणलेली नेत्सुके आणि जीभ बाहेर काढणारी किंवा डोळे फिरवणारी कळसूत्री नेत्सुके असेही प्रकार आढळतात.

हस्तिदंत हे अनेक साहित्यांपैकी केवळ एक आहे. जपानमध्ये हत्ती नाहीत. हस्तिदंत परदेशातून, मुख्यतः नागासाकी बंदरातून, चिनी आणि डच व्यापाऱ्यांमार्फत येई. तो महाग असल्यामुळे त्याचा तुकडाही वाया जात नसे. शामिसेन या तंतुवाद्याच्या हस्तिदंती नख्या कापून उरलेले त्रिकोणी तुकडे नेत्सुकेकारांकडे जात, त्यामुळे काही जुन्या हस्तिदंती नेत्सुकेंचा आकार त्रिकोणी आहे, असे अभ्यासक सांगतात. लाकडात 'त्सुगे' म्हणजे बॉक्सवुड हे सर्वांत लोकप्रिय. ते घट्ट, बारीक पोताचे आणि हाताळून हाताळून मधासारखी चमक धरणारे आहे. याशिवाय अबनूस, चेरी, बांबू, हरणाचे शिंग, रानडुकराचा सुळा, वॉलरस आणि नारव्हाल यांचे दात, काळे पोवळे, चिनी माती, उरुशी वृक्षाच्या चिकाचे रोगण आणि फळांच्या कठीण बियाही वापरल्या गेल्या.

कोरीवकाम सुऱ्या, छिन्न्या आणि बारीक गिरमिटे यांनी होई आणि यांतली बरीच हत्यारे कारागीर स्वतःच घडवी. कोरून झाल्यावर 'तोकुसा' या खरखरीत वनस्पतीच्या काड्यांनी आणि 'मुकू' वृक्षाच्या पानांनी नेत्सुके घासले जाई, मग हरणाच्या शिंगाच्या भस्माने त्याला झिलई देत. रंगासाठी 'याशा' या झाडाच्या फळांचा काढा वापरीत. डोळे बहुधा काळ्या शिंगाचे, शिंपल्याचे किंवा अंबराचे जडवलेले असत. बेडकाच्या पाठीवरील फोड दाखवण्यासाठी 'उकिबोरी' ही विलक्षण युक्ती होती. बोथट हत्याराने लाकडावर ठिपके दाबायचे, भोवतालचा पृष्ठभाग त्या खोलीपर्यंत तासून काढायचा आणि मग लाकूड पाण्यात ठेवायचे. दबलेले तंतू फुगून वर येतात आणि कातडीवर फोड उठल्यासारखे दिसतात. हे फोड कोरलेले नसून उगवलेले असतात, म्हणून ते इतके जिवंत भासतात.

प्रदेशागणिक कारागीर

ओसाकाच्या योशिमुरा शूझानला आद्य आचार्यांत मोजतात. तो मुळात चित्रकार होता. सुरूच्या जातीच्या लाकडावर कोरून तो वर रंग देई आणि नेत्सुकेवर सही करीत नसे. क्योतोत मासानाओ, तोमोतादा आणि ओकातोमो यांनी प्राण्यांची नेत्सुके ज्या ताकदीने कोरली, तिला तोड नाही, असे बहुतेक संग्राहक मानतात. तांबा प्रांतातील नाइतो तोयोमासा (१७७३-१८५६) याने लाकडात बारकावे आणले. ओसाकाचा काइग्योकुसाइ मासात्सुगु (१८१३-१८९२) निवडक हस्तिदंतावरच काम करी आणि त्याच्या नितळ सफाईमुळे आजही त्याच्या वस्तूंना मोठी किंमत येते. हिदा प्रांतातील ताकायामाचा सुकेनागा (१८००-१८७१) याने रंग न देता, सुरीचे मोजके घाव स्पष्ट ठेवून कोरण्याची शैली रुळवली.

जपान समुद्राच्या काठावरील इवामी या आडवळणाच्या प्रांतात तोमिहारू (१७३३-१८१०) याने रानडुकराच्या सुळ्यांवर कोळी, गोगलगाई, सुरवंट कोरले आणि बाजूला केसाएवढ्या अक्षरांत मजकूर लिहिला. त्याची मुलगी बुन्शोजो (१७६४-१८३८) हीदेखील त्याच तोडीची कोरणारी होती. पुरुषांच्या वापराच्या आणि पुरुषांच्याच व्यवसायातल्या या कलेत स्वतःच्या नावाने सही करणारी स्त्री म्हणून तिचे स्थान वेगळे आहे.

एका तळव्यावरचे जग

एदोकालीन जपानमध्ये लोक काय पाहत होते, कशाला हसत होते आणि कशाला भीत होते, याचा एवढा मोठा साठा दुसऱ्या क्वचितच कुठल्या कलेत असेल. बारा राशींचे प्राणी, चेंडूशी खेळणारे सिंह, आठ हातांनी विळखा घालणारा ऑक्टोपस, पाण्यातला 'काप्पा' हा खोडकर जीव, भुतांच्या मागे लागलेला पण भुतांनाच हुलकावणी देऊ न शकणारा शोकी, उंदीर हातातून निसटल्याने चिडलेला उंदीरमाऱ्या, झोपलेला मासेविक्या, घाम पुसणारा मल्ल : सारे काही तिथे आहे. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर राहण्याची मुभा असलेले डच व्यापारीही लांब कोट, पिसांची टोपी आणि हातात कोंबडा अशा थाटात कोरलेले आढळतात.

भारतीय वाचकाला यातील काही चेहरे ओळखीचे वाटतील. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेल्या भारतीय देवता तिथल्या सात भाग्यदेवतांमध्ये स्थिरावल्या. बेन्झाइतेन ही मूळची सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा हे वाद्य घेतलेली. बिशामोनतेन हा वैश्रवण, म्हणजे कुबेर. तांदळाच्या पोत्यांवर बसलेला हसरा दाइकोकू याचे नाते महाकालाशी आहे. नेत्सुकेंमध्ये वारंवार दिसणारा, वस्त्रात गुरफटलेला, आळस देणारा किंवा डोळे वटारणारा दारुमा म्हणजे दक्षिण भारतातून चीनला गेलेला मानला जाणारा भिक्षू बोधिधर्म. नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यान करणाऱ्या या महापुरुषाला जपानी कारागिराने जांभई देताना कोरले, यात अनादर नाही. जवळीक आहे. हत्ती आणि आंधळे ही आपल्याकडची जुनी कथाही नेत्सुकेकारांच्या आवडीची होती. एका हत्तीच्या अंगावर चढलेले अनेक आंधळे, आणि ते सारे तीन-चार सेंटिमीटरांत.

मुंबईकरांना पूर्व आशियाई कलेची चव घरबसल्या घेता येते ती टाटा बंधूंमुळे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या चिनी व जपानी कलावस्तू आज छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहेत.

कमरेवरून कपाटात

१८६८ च्या मेइजी क्रांतीनंतर जपानने पाश्चात्त्य वेष स्वीकारायला आरंभ केला. कोटाला आणि पाटलोणीला खिसे होते. चिलमीची जागा सिगारेटने घेतली. १८७६ साली तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि सामुराईंचा थाट संपला. नेत्सुकेचे कामच उरले नाही. त्याच सुमारास पॅरिस (१८६७) आणि व्हिएन्ना (१८७३) येथील जागतिक प्रदर्शनांतून युरोपला जपानी कलेचे वेड लागले. घरी निरुपयोगी ठरलेली नेत्सुके पेट्या भरभरून परदेशी गेली. कारागीरही परदेशी गिऱ्हाइकासाठी 'ओकिमोनो' म्हणजे टेबलावर ठेवायच्या मूर्ती कोरू लागले. त्यांना दोरीची छिद्रे नसत, कारण आता त्यांना कुठे अडकायचे नव्हते.

या स्थलांतराची सर्वांत हृद्य कथा एफ्रुसी घराण्याची. ओदेसाहून आलेल्या या यहुदी सावकार कुटुंबातील शार्ल एफ्रुसी याने १८७० च्या दशकात पॅरिसमध्ये २६४ नेत्सुके विकत घेतली आणि १८९९ साली व्हिएन्नातील चुलतभाऊ व्हिक्टर याला लग्नाची भेट म्हणून पाठवली. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला. एफ्रुसींचा प्रासाद, बँक, चित्रे, ग्रंथालय सारे जप्त झाले. घरातील दासी अॅना हिने मात्र ती चिमुकली शिल्पे दरवेळी थोडी थोडी एप्रनच्या खिशात घालून नेली आणि आपल्या गादीत लपवली. युद्ध संपल्यावर व्हिक्टरची मुलगी एलिझाबेथ व्हिएन्नाला परतली, तेव्हा अॅनाने ती तिच्या हवाली केली. पुढे एलिझाबेथचा भाऊ इग्नास याच्याबरोबर ती टोकियोला गेली, म्हणजे जिथून निघाली त्या देशात परतली, आणि त्याच्यानंतर ब्रिटिश कुंभार-लेखक एडमंड डी वाल यांच्याकडे आली. त्यांच्या २०१० सालच्या 'द हेअर विथ अँबर आइज' या पुस्तकाने नेत्सुके हा शब्द जगभरच्या वाचकांपर्यंत पोचवला. एका जप्त प्रासादातून जे वाचले, ते खिशात मावणारे होते म्हणून वाचले.

संग्रह आणि अभ्यास यांचा पाया मोठ्या प्रमाणावर परदेशी हौशी लोकांनी घातला. ब्रिटिश म्युझियमकडे दोन हजारांहून अधिक नेत्सुके आहेत. फ्रेडरिक माइनर्ट्झहागेन या अभ्यासकाने लंडनमध्ये तयार केलेली कारागीरवार नोंदींची सूचीही तिथेच आहे. टोकियोत वकिली करणारे अमेरिकी संग्राहक रेमंड बुशेल यांनी आपला सुमारे आठशे नेत्सुकेंचा संग्रह लॉस एंजेलिस काउंटी म्युझियम ऑफ आर्टला दिला. जपानमध्ये राजपुत्र ताकामादो (१९५४-२००२) आणि राजकन्या हिसाको यांनी समकालीन नेत्सुके जमवली. ती टोकियो नॅशनल म्युझियममध्ये पाहता येतात. क्योतोत एका जुन्या सामुराई वाड्यात २००७ पासून खास नेत्सुकेंचे संग्रहालय चालते.

हस्तिदंताचा पेच

आशियाई हत्ती १९७५ पासून आणि आफ्रिकी हत्ती १९९० च्या आरंभापासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आले आणि हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ थांबला. पुढे काही आफ्रिकी देशांतील हत्तींपुरती यादी शिथिल झाली, तरी देशोदेशींचे अंतर्गत कायदे कडकच होत गेले.

ब्रिटनमध्ये २०१८ चा आयव्हरी अॅक्ट ६ जून २०२२ पासून अमलात आला. वस्तू कितीही जुनी असली तरी हस्तिदंताचा व्यवहार करण्यास त्याने बंदी घातली आणि मोजके अपवाद ठेवले. १९४७ पूर्वीच्या वस्तूत हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल तर नोंदणी करून ती विकता येते. म्हणजे हस्तिदंती डोळे जडवलेले जुने लाकडी नेत्सुके विकता येईल, संपूर्ण हस्तिदंताचे सहसा नाही. १९१८ पूर्वीची, अत्यंत उच्च कलात्मक, सांस्कृतिक वा ऐतिहासिक मोलाची वस्तू असेल तर तज्ज्ञांच्या पडताळणीनंतर प्रमाणपत्र मिळू शकते. नोंदणीकृत संग्रहालयांना खरेदी करता येते. नियमभंगाला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. जानेवारी २०२५ पासून पाणघोडा, नारव्हाल, ऑर्का आणि स्पर्म व्हेल यांच्या दातांनाही हाच कायदा लागू झाला. हस्तिदंती वस्तू जवळ बाळगणे, वारशाने मिळणे किंवा मोबदल्याविना भेट देणे मात्र गुन्हा नाही.

अमेरिकेत जुलै २०१६ च्या केंद्रीय नियमांनी आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार जवळपास बंद केला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना देशांतर्गत सूट आहे, पण वय सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाचे राज्य कायदे आणखी कडक आहेत. तिथे जुन्या वस्तूतही हस्तिदंताचे प्रमाण अत्यल्पच चालते, त्यामुळे अखंड हस्तिदंताचे नेत्सुके विकता येत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी प्रथम भारतीय आणि नंतर आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आणली. म्हणून परदेशात कायदेशीररीत्या घेतलेले हस्तिदंती नेत्सुके सुट्टीला येताना सहज म्हणून सामानात टाकणे धोक्याचे आहे. निर्यात आणि आयात अशा दोन्ही देशांच्या परवानग्यांविना सीमा ओलांडली, तर वस्तू जप्त होऊ शकते आणि खटलाही भरला जाऊ शकतो. जपानमध्ये मात्र देशांतर्गत हस्तिदंत बाजार नोंदणीच्या अटींवर अजून चालू आहे आणि त्यावर आंतरराष्ट्रीय टीका होत आली आहे.

या कायद्यांवर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला हत्ती बंदीने परत येणार नाही आणि विक्रीमूल्य गेलेल्या साध्या नेत्सुकेंची कोणी निगा राखणार नाही, असे संग्राहक म्हणतात. फार थोर नाही, पण एखाद्या अनाम कारागिराने मन लावून कोरलेली हजारो नेत्सुके याच वर्गात मोडतात आणि वारसदारांच्या खणात ती विस्मरणात जाण्याची भीती खरी आहे. उलट, जुन्या हस्तिदंताचा खुला बाजार असला की चहात बुडवून पिवळा केलेला ताजा हस्तिदंतही त्यात मिसळतो आणि दर वर्षी शिकाऱ्यांच्या गोळीला बळी पडणाऱ्या हत्तींची किंमत त्यातूनच वसूल होते, असे वन्यजीवरक्षकांचे म्हणणे आहे. ब्रिटिश संसदेने दुसरी बाजू अधिक जड मानली आणि थोर वस्तूंसाठी एक अरुंद दार उघडे ठेवले. मधल्या प्रतीच्या वस्तूंचे काय, याचे उत्तर त्या दारातून मिळत नाही.

घेण्यापूर्वी

लाकूड, शिंग, चिनी माती किंवा रोगण यांची नेत्सुके सामान्यतः या निर्बंधांत येत नाहीत, त्यामुळे नव्याने आवड लागलेल्याने तिकडेच वळावे, असा सल्ला जाणकार देतात. बाजारात मात्र राळेच्या साच्यातून काढलेल्या आणि अलीकडे यंत्राने कोरलेल्या नकलांचा सुळसुळाट आहे. काही खुणा उपयोगी पडतात. साच्यातून काढलेल्या वस्तूवर जोडाची बारीक रेघ आढळते. जुन्या नेत्सुकेच्या छिद्रांच्या कडा दोरीने झिजून गुळगुळीत झालेल्या असतात आणि अनेकदा गाठ आत बसावी म्हणून एक छिद्र दुसऱ्याहून मोठे असते. छिद्रे अशा जागी असतात, की लटकवल्यावर आकृतीचा चेहरा समोर राहील. झीज जिथे हात आणि कापड लागते तिथेच हवी, खोलगट भागात नव्हे. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच मानू नये, त्याने वस्तू कायमची बिघडते. सही असणे हा अस्सलपणाचा पुरावा नाही आणि सही नसणे हा दोषही नाही. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कागदपत्रे : जुनी पावती, लिलावाच्या सूचीतील छायाचित्र, आधीच्या मालकाची नोंद.

आजचे कोरणारे

नेत्सुकेची परंपरा तुटलेली नाही. विसाव्या शतकात मासातोशी (१९१५-२००१) यांच्यासारख्या कारागिरांनी ती जपली आणि आपली हत्यारे, रंग व पद्धती रेमंड बुशेल यांना सांगून १९८१ साली ग्रंथरूपात नोंदवून ठेवल्या. 'गेंदाइ नेत्सुके' म्हणजे समकालीन नेत्सुके कोरणारे कलावंत आज जपानप्रमाणे ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळ जण बॉक्सवुड, हरणाचे शिंग आणि हस्तिदंतासारख्या पांढऱ्या, कठीण ताग्वा या ताडबीजावर काम करतात. त्यांची नेत्सुके कोणाच्या कमरेला लागतीलच असे नाही. तरीही छिद्रे पाडण्याचा, कडा गोल ठेवण्याचा आणि तळाची बाजू कोरण्याचा नियम बहुतेक जण पाळतात. जपानमध्ये मोबाइल फोनला लावायच्या लोलकालाही 'नेत्सुके' म्हणण्याची पद्धत पडली आहे.

संग्रहालयातील काचेआडच्या नेत्सुकेजवळ थांबणाऱ्याला एक उणीव जाणवते. ही वस्तू बोटांनी पाहायची आहे आणि बोटांना तिथे मज्जाव आहे. म्हणूनच काही संग्रहालये त्यांच्या चहूबाजूंनी आरसे लावतात. लंडनला किंवा टोकियोला गेल्यावर त्या कपाटापुढे थोडे वाकून, तळाकडचा आरसा अवश्य पाहावा. दोन शतकांपूर्वी कोण्या कारागिराने, किमोनोच्या रेशमाकडे वळलेल्या आणि म्हणून कोणालाच न दिसणाऱ्या बाजूवर, सशाचे पंजे एकेक करून कोरलेले असतात.